सुधारण्याजोगे : काही इंग्रजी शब्दांचा विचार



इंग्रजी भाषेत शब्दांच्या काही जोड्या अशा आहेत की, त्यांतील नकारार्थी शब्द नित्याच्या व्यवहारात नांदतो आणि त्याचा होकारार्थी सोबती मात्र कोशाच्या पानांत पडून राहतो. 'इनकॉरिजिबल' हा शब्द घ्या. उनाड मुलगा, थापाड्या मित्र, पुनःपुन्हा तुरुंगाची वाट धरणारा चोर, या सर्वांच्या माथी हा शब्द मारलेला इंग्रजी वाचणाऱ्यास ठिकठिकाणी आढळतो. त्याचा अर्थ 'सुधारता न येण्याजोगा'. यातील 'इन' हा नकाराचा उपसर्ग काढला की 'कॉरिजिबल' उरतो. त्याचा अर्थ 'सुधारता येण्याजोगा'. पण हा शब्द चांगल्या शिकलेल्या इंग्रजाच्याही तोंडी सहसा येत नाही. इतिहासाचा दाखलाही असाच आहे. इंग्रजी लेखनात नकारार्थी शब्द चौदाव्या शतकात दिसू लागतो आणि होकारार्थी शब्दाच्या नोंदी मिळतात त्या पंधराव्या शतकातल्या. माणसाविषयी आशा सोडल्याचे सांगणारा शब्द आधी रुळला, आशा धरणारा मागाहून आला.

यावरून इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपल्या म्हणींचा धांडोळा घेतला तरी तेच दिसेल. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही', 'पालथ्या घड्यावर पाणी', 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच'. निराशेची ही शिदोरी आपल्यापाशी भरपूर आहे. उलट बाजूने शोधू गेल्यास 'वाल्याचा वाल्मीकी झाला' हे एक चटकन आठवते, आणि मग थोडे थांबावे लागते. माणूस, ग्रंथ, कायदा, जमीन, यंत्र यांपैकी कोणतीही वस्तू सुधारू शकते की नाही, हे सांगणारे जे शब्द इंग्रजीत आहेत, त्यांचा परिचय करून घेणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हे शब्द नुसते पाठ करण्यासाठी नाहीत. त्यांच्या जोरावर माणसांची आयुष्ये बांधली गेली आहेत आणि मोडलीही गेली आहेत.

प्रथम या शब्दांच्या शेपटाकडे पाहू. लॅटिनमध्ये क्रियापदाला 'आबिलिस' किंवा 'इबिलिस' असा प्रत्यय लागे. त्याचीच इंग्रजीतील रूपे म्हणजे 'एबल' आणि 'इबल'. 'समर्थ' या अर्थाचा इंग्रजीतील 'एबल' हा स्वतंत्र शब्द मुळात निराळा आहे. परंतु ध्वनिसाम्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात दोहोंची सांगड बसून गेली आहे. हा प्रत्यय आपल्या 'जोगा' सारखा किंवा संस्कृतातील 'य' व 'अनीय' यांसारखा आहे. 'वाचनीय', 'दंड्य', 'साध्य' हे शब्द पाहा. 'साध्य' म्हणजे साधता येण्याजोगे, पण 'दंड्य' म्हणजे दंड करण्यास पात्र. एकाच प्रत्ययातून 'शक्य आहे' आणि 'योग्य आहे' असे दोन अर्थ निघतात. पाणिनीने हे दोन्ही अर्थ आपल्या सूत्रांत नोंदवून ठेवले आहेत.

इंग्रजी प्रत्ययाचेही असेच आहे, आणि त्याचा परिणाम 'कॉरिजिबल' या शब्दावर झालेला दिसतो. जुन्या इंग्रजी कोशांत या शब्दाचे दोन अर्थ दिलेले असत. एक, सुधारता येण्याजोगा. दुसरा, शिक्षेस पात्र. दुसरा अर्थ आता लोपला आहे. तथापि तो होता ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण 'करेक्शन' या शब्दात छडीचा आवाज कित्येक शतके मिसळलेला होता. शेक्सपियरने हा शब्द दोन नाटकांत वापरला आहे. 'अँटनी अँड क्लिओपात्रा' मध्ये तो पराभूताच्या मुकाट वाकलेल्या मानेला लावला आहे. 'ऑथेल्लो' मध्ये मात्र त्याचा अर्थ उलट, म्हणजे 'सुधारणारा' असा कर्तरी आहे. मनुष्याला वळण लावण्याची सत्ता त्याच्या स्वतःच्या इच्छाशक्तीपाशीच असते, असा विचार तेथे मांडला आहे. तो मांडणारा इयागो हा त्या नाटकातला महादुष्ट आहे, हा भाग वेगळा.

आता मूळ धातूकडे वळू. लॅटिनमध्ये 'रेगेरे' म्हणजे सरळ रेषेत नेणे, आणि त्यावरूनच पुढे राज्य करणे. त्याला उपसर्ग लागून 'कोर्रिगेरे' झाले, म्हणजे वाकडे झालेले सरळ करणे. याच कुळातून इंग्रजीतील 'राइट', 'रेक्टिफाय', 'रेग्युलर' हे शब्द आले. भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपला 'ऋजु' हा शब्दही त्याच मूळ धातूचा वंशज आहे. ऋजु म्हणजे सरळ. तेव्हा 'कॉरिजिबल' चे अगदी मुळाबरहुकूम मराठी करावयाचे तर 'ऋजू करण्याजोगा' असे करावे लागेल. कुत्र्याच्या शेपटाची आपली म्हण आणि हा लॅटिन शब्द या दोहोंमागे वाकडेपणाचे एकच चित्र आहे. फरक एवढाच की, लॅटिन शब्दाने सरळ होण्याची वाट मोकळी ठेवली आणि म्हणीने ती बंद केली.

परंतु सुधारणेची कल्पना करताना प्रत्येक शब्दाने वाकडे आणि सरळ हेच चित्र घेतलेले नाही. निरनिराळ्या धंद्यांतून निरनिराळी चित्रे आली आहेत, आणि शब्द नेमका कोठे वापरावा याची किल्ली त्या चित्रांत सापडते.

'अमेंड' या शब्दाच्या मुळाशी 'मेंडुम' म्हणजे डाग किंवा दोष हा लॅटिन शब्द आहे. दोष बाहेर काढणे ते 'अमेंड' करणे. म्हणून कायदा, ठराव, मसुदा यांना 'अमेंडेबल' म्हणतात. हाच शब्द फ्रेंचांच्या घरून न येता थेट लॅटिनमधून आला तेव्हा त्याचे रूप 'इमेंड' असे झाले, आणि तो ग्रंथांच्या पाठशोधनासाठी राखून ठेवला गेला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ केला आणि १९६६ मध्ये ते काम तडीस नेले. त्या आवृत्तीत जेथे कोणत्याही हस्तलिखितात नसलेला पाठ संपादकाने तर्काने सुचविला असेल, तेथे इंग्रजीत 'इमेंडेशन' म्हटले जाईल, 'अमेंडमेंट' नव्हे. आणि 'अमेंड' चे पहिले अक्षर बोलण्यात गळून 'मेंड' हा घरगुती शब्द उरला. फाटके धोतर, गळके छप्पर आणि बिघडलेली चालचलणूक या तिन्हींना तो चालतो.

'रिक्लेम' हा शब्द शिकाऱ्यांकडून आला. पाळीव ससाणा भक्ष्यावर सोडल्यानंतर त्याला हाक मारून पुन्हा मुठीवर बोलावणे याला मध्ययुगीन इंग्रजीत 'रिक्लेम' म्हणत. मुळातील लॅटिन 'क्लामारे' म्हणजे ओरडणे. पुढे वाट चुकलेल्या माणसाला परत बोलावणे, आणि त्याहीनंतर समुद्राच्या किंवा दलदलीच्या कबजातील जमीन परत मिळविणे, असा अर्थाचा विस्तार होत गेला. मुंबईतील बॅकबे रिक्लेमेशन हे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना त्या भरावाच्या दगडमातीखाली एक ससाणा दडला आहे याची कल्पना नसेल. माणसाविषयी 'रिक्लेमेबल' म्हणताना मात्र हे जुने चित्र उपयोगी पडते. तो मूळचा आपलाच होता, दूर गेला, आणि हाक मारली तर परत येईल, असा जिव्हाळा त्या शब्दात आहे.

'इम्प्रूव्ह' हा शब्द जमीनमालकांचा. जुन्या फ्रेंच भाषेत 'प्रू' म्हणजे नफा. जमीन नफ्यात आणणे, पडीक रान वहिवाटीखाली आणणे, हा 'इम्प्रूव्ह' चा मूळचा अर्थ. 'अधिक चांगले करणे' हा आजचा अर्थ त्यातून मागाहून निघाला. शहरांच्या संदर्भात त्याला मातीचा वास अजूनही येतो. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हैदराबादेत १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. या शब्दाचा एक गुण असा की, तो वस्तूत दोष आहे असे गृहीत धरीत नाही. जे 'करेक्ट' करावयाचे ते चुकलेलेच असले पाहिजे. जे 'इम्प्रूव्ह' करावयाचे ते मुळात चांगलेही असू शकते. चांगला गवई 'इम्प्रूव्ह' होतो, पण त्याचा बेसूर झालेला स्वर 'करेक्ट' करावा लागतो.

'रिफॉर्म' म्हणजे पुन्हा आकार देणे. हे कुंभाराचे किंवा ओतकाम करणाऱ्याचे चित्र आहे. म्हणून तो शब्द संस्था, रूढी, धर्म, तुरुंग अशा घडीव गोष्टींना शोभतो. आपल्याकडे त्याला 'सुधारणा' हा शब्द मिळाला आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासातला एक तेजस्वी शब्द ठरला. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये आपल्या पत्राला 'सुधारक' हेच नाव दिले. 'रिडीम' म्हणजे परत विकत घेणे, गहाण पडलेली वस्तू सोडवून आणणे. म्हणून कर्जरोखे 'रिडीमेबल' असतात. धर्मविचारात हाच शब्द आत्म्याच्या उद्धाराला लावला गेला. 'अमीनेबल' हा शब्द गुराख्याचा आहे. त्याच्या मुळाशी हाकारून, दरडावून जनावरे हाकणे ही क्रिया आहे. आज त्याचा अर्थ 'सांगितलेले ऐकणारा' असा सौम्य झाला आहे. 'डोसाइल' या शब्दाची गत याच्या उलट झाली. त्याचा मूळ अर्थ 'शिकविण्यास योग्य' असा गौरवाचा होता. आज तो 'गरीब गाय' एवढ्यावर येऊन ठेपला आहे. शिकणारा म्हणजे मुकाट राहणारा, अशी समजूत पंतोजींच्या जगात फार जुनी आहे, आणि या शब्दाच्या घसरणीत तिचे प्रतिबिंब दिसते.

याखेरीज वैद्यांचे व वकिलांचे शब्द आहेत. रोग 'क्युरेबल', उणीव 'रिमीडिएबल', मोडतोड 'रिपेअरेबल', आणि हानी 'रेपरेबल'. शेवटच्या दोन शब्दांत गल्लत करू नये. घड्याळ 'रिपेअरेबल' असते. अब्रूचे नुकसान 'इरेपरेबल' असते. भरपाईच्या पैशाने भरून न येणारी हानी होणार असेल तर न्यायालय तात्पुरता मनाईहुकूम देते, आणि त्या अर्जात हा शब्द हमखास असतो. 'करेक्टेबल' हा आणखी एक शब्द. चष्म्याने सुधारणारी दृष्टी 'करेक्टेबल' असते. तिला 'कॉरिजिबल' म्हटले तर ऐकणारा चमकेल. स्थूलमानाने सांगावयाचे तर चुकीला 'करेक्टेबल', मसुद्याला 'अमेंडेबल', जुन्या पाठाला 'इमेंडेबल', उणिवेला 'रिमीडिएबल', संस्थेला 'रिफॉर्मेबल' आणि माणसाच्या स्वभावाला 'कॉरिजिबल' हा शब्द लावावा.

आता या विषयातील गाभ्याच्या मुद्द्याकडे येऊ. इंग्रजीत 'इम्प्रूव्ह', 'रिफॉर्म', 'मेंड' ही क्रियापदे सकर्मकही आहेत आणि अकर्मकही. मराठीतील 'सुधारणे' तसेच आहे. 'त्याने लेख सुधारला' असे आपण म्हणतो, तसेच 'मुलगा सुधारला' असेही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात मुलगा स्वतः कर्ता आहे. परंतु 'करेक्ट' हे क्रियापद बहुधा सकर्मकच राहते. मुलगा आपला आपण 'करेक्ट' झाला, असे इंग्रजीत म्हणता येत नाही. कोणीतरी त्याला 'करेक्ट' करावे लागते. म्हणून 'इनकॉरिजिबल' या शब्दाचा काटेकोर अर्थ पाहिला तर तो असा निघतो : 'याला दुसऱ्या कोणासही सुधारता येत नाही'. तो स्वतः सुधारू शकेल की नाही याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. हे वाक्य वस्तुतः सुधारू पाहणाऱ्याच्या अपयशाची कबुली आहे. पण ऐकणारा त्याचा अर्थ घेतो तो समोरच्या माणसाच्या रक्तातला दोष म्हणून. गुरुजींची हात टेकल्याची नोंद विद्यार्थ्याच्या नावावर चढते.

ही केवळ व्याकरणाची कसरत आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्याने माणसांच्या तीन पायऱ्या ठरविल्या होत्या : आळशी व बेशिस्त माणूस, त्यापुढे लुच्चा व भटका, आणि शेवटी 'इनकॉरिजिबल रोग', म्हणजे सुधारण्यापलीकडे गेलेला लुच्चा. त्यांत निर्वाहाचे साधन नसलेली, उघड्यावर झोपणारी, भीक मागणारी माणसे येत. एका पायरीवर शिक्षा झालेला माणूस पुन्हा सापडला की पुढच्या पायरीवर ढकलला जाई. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर मिळाले का, हा प्रश्न त्या शिडीवर कोणत्याच पायरीला विचारला जात नव्हता. तिसऱ्या पायरीवरचे विशेषण मात्र कायद्याने तयार ठेवले होते.

आपल्या देशात त्याहून भयंकर प्रकार झाला. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर आली. नावनोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती, हे त्याचे स्वरूप होते. या वसाहतींचा हेतू 'रिफॉर्म' हाच आहे असे अधिकारी सांगत. परंतु जे मूल जन्माला येण्यापूर्वीच सरकारी वहीत गुन्हेगार म्हणून गृहीत धरले आहे, त्याने सुधारावयाचे म्हणजे नेमके कशातून सुधारावयाचे? १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. संशयाचा डाग मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही. विशेषण एकदा चिकटले की त्याला सोडविण्यास पिढ्या लागतात.

याच काळात याच मुलखात एक निराळा प्रयोगही झाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तेथे तट नव्हता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी तेथे शेती करावी, कुटुंबासह राहावे, आणि विश्वासाच्या बंधनाने बांधलेले असावे, अशी योजना होती. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये तिचा 'दो आँखे बारह हाथ' हा बोलपट केला. सहा खुनी कैदी आणि एक जेलर एवढीच त्याची मांडणी. तो जेलर त्या सहा जणांना छडीने सरळ करू पाहत नाही. तो त्यांच्यावर काम सोपवितो आणि वाट पाहतो. शब्दांच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो त्यांना 'कॉरिजिबल' समजत नाही, 'रिक्लेमेबल' समजतो. हाक मारली तर परत येतील अशी त्याची श्रद्धा आहे.

न्यायशास्त्रालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. फाशीची शिक्षा केव्हा द्यावी याचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट ग्राह्य धरली. आरोपी सुधारण्याची शक्यता आहे की नाही हे पाहिले पाहिजे, आणि ती शक्यता नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असे ते तत्त्व आहे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या एका खटल्याच्या निकालात त्याच न्यायालयाने आरोपीच्या मनःस्थितीची व तुरुंगातील वर्तनाची माहिती न्यायाधीशापुढे आणण्याविषयी अधिक बारकाईने निर्देश दिले. म्हणजे 'इनकॉरिजिबल' हे विशेषण जेथे गळ्यातला फास ठरू शकते, तेथे ते उच्चारणाऱ्याने आधी पुरावा द्यावा. मालमत्तेच्या कायद्यातही असेच एक सुंदर तत्त्व आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमाने गहाण सोडविण्याचा हक्क ऋणकोला दिला आहे, आणि गहाणखतातच तो हक्क बुडविणारी अट घातली तर न्यायालये ती मानीत नाहीत. घर आणि शेत यांना जे संरक्षण आहे, ते माणसाच्या शीलालाही असावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक गोष्ट सुधारतेच असे नाही. या बाबतीत इंग्रजीतील दोन टोकांच्या शब्दांपेक्षा आपल्या वैद्यकाची वाटणी अधिक शहाणपणाची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे चार वर्ग सांगितले आहेत. सुखसाध्य म्हणजे सहज बरे होणारे, कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टाने बरे होणारे, याप्य म्हणजे समूळ न जाणारे पण पथ्यपाण्याने ताब्यात राहणारे, आणि प्रत्याख्येय म्हणजे वैद्याने ज्याविषयी आधीच नकार सांगावा असे. यातला 'याप्य' हा शब्द मोलाचा आहे. मधुमेह किंवा दमा असलेली कितीतरी माणसे योग्य उपचारांनी कर्तीसवरती आयुष्ये जगतात. स्वभावाचेही तसेच आहे. एखाद्याचा तापटपणा समूळ जात नाही, पण तो ताब्यात राहतो. त्याला 'क्युरेबल' म्हणणे खोटे आणि 'इनकॉरिजिबल' म्हणणे अन्यायाचे. 'याप्य' हाच त्याला न्याय देणारा शब्द.

दुसऱ्या टोकाला 'पर्फेक्टिबल' हा शब्द आहे. त्याची कहाणी अठराव्या शतकातली. रूसो या फ्रेंच विचारवंताने १७५५ मधील विषमतेवरील आपल्या निबंधात मनुष्याला पशूपासून वेगळे करणारा गुण म्हणून आत्मविकासाच्या शक्तीचा उल्लेख केला आणि त्यासाठी हा शब्द योजला. गंमत अशी की, मनुष्याच्या दुःखांचे मूळही त्याने याच शक्तीत पाहिले. कोंडोर्सेने मात्र मानवाच्या अमर्याद प्रगतीचा ग्रंथ लिहिला, आणि तोही क्रांतिकारक सरकारच्या भीतीने लपून बसलेला असताना. १७९४ मध्ये त्याला मृत्यू आला आणि १७९५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविनने १७९३ मध्ये हीच बाजू मांडली. त्याने शब्दाचा अर्थही स्पष्ट केला : 'पर्फेक्टिबल' म्हणजे पूर्णत्वाला पोहोचणारा असे नसून सतत अधिक चांगला होऊ शकणारा. १७९८ मध्ये माल्थसने लोकसंख्येवरील प्रसिद्ध निबंध लिहिला तो या दोघांना उत्तर म्हणूनच. ज्या शब्दाला आज आपण कोशात ओझरते पाहून पुढे जातो, त्यावर एका पिढीने कडाक्याचा वाद घातला होता.

कायद्याच्या क्षेत्रात असाच वाद आपल्या देशातही झाला. राज्यघटनेच्या ३६८ व्या कलमाने संसदेला घटनेत 'अमेंडमेंट' करण्याचा अधिकार दिला आहे. त्या शब्दाची सीमा कोठवर? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी निर्णय दिला की, या अधिकाराने घटनेची मूलभूत चौकट नष्ट करता येणार नाही. 'घटनादुरुस्ती' या आपल्या शब्दातही हेच अभिप्रेत आहे. घर दुरुस्त करतात तेव्हा ते घर शिल्लक राहते. जे पाडून नवे बांधतात, त्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाही. तेव्हा सुधारण्याजोगे असणे म्हणजे वाटेल तसे बदलण्याजोगे असणे नव्हे. ज्यात टिकून राहणारे काही आहे, तेच सुधारू शकते.

तत्त्वज्ञांनी तर 'इनकॉरिजिबल' ला मानाचे पान दिले आहे. 'मला वेदना होत आहे' असे मी म्हटले तर 'तुमची समजूत चुकली, तुम्हाला वेदना होत नाही' असे दुसरा कोणी सांगू शकत नाही. अशा ज्ञानाला त्या शास्त्रात 'इनकॉरिजिबल' म्हणतात आणि ते ज्ञानाचा भक्कम पाया ठरू शकेल काय यावर चर्चा करतात. विज्ञान मात्र उलट वाटेने गेले. त्याचा कोणताही सिद्धांत दुरुस्तीच्या पलीकडचा नसतो, आणि यातच त्याची ताकद आहे. विचार करणारी यंत्रे बनविणाऱ्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास अडगळीत पडलेला 'कॉरिजिबल' हा होकारार्थी शब्द पुन्हा बाहेर काढला. आपली चूक निर्मात्याने दुरुस्त करू लागताच किंवा आपल्याला बंद करू लागताच जे यंत्र आडकाठी करीत नाही, ते 'कॉरिजिबल' यंत्र. माणसाच्या बाबतीत ज्या गुणाची आपण शतकानुशतके उपेक्षा केली, तो यंत्राच्या बाबतीत पहिल्या प्रतीचा गुण ठरला आहे.

शेवटी छापखान्यातल्या एका जोडीचा उल्लेख करतो. पुस्तकाच्या अखेरीस शुद्धिपत्र असते. त्याला इंग्रजीत 'एराटा' असेही म्हणतात आणि 'कॉरिजेंडा' असेही. 'एराटा' म्हणजे ज्या चुका झाल्या त्या. हे भूतकाळाचे रूप आहे. 'कॉरिजेंडा' म्हणजे ज्या दुरुस्त करावयाच्या आहेत त्या. यात पुढचे कर्तव्य सांगितले आहे. यादी तीच, ओळी त्याच, चुकाही त्याच. एक मथळा चूक मोजून थांबतो, दुसरा वाचकाच्या हाती लेखणी देतो. घरात, शाळेत, कचेरीत आपण जेव्हा एखाद्याच्या नावापुढे शेरा लिहितो, तेव्हा या दोहोंपैकी कोणता मथळा आपण घातला आहे हे एकदा पाहावे. मुलाने चार वेळा खोटे सांगितले असेल, तर 'चार वेळा खोटे सांगितले' असे लिहावे. ते खरे आहे आणि दुरुस्त होण्याजोगे आहे. 'सुधारणार नाही' असे लिहू नये, कारण तो मजकूर मुलाच्या उद्याविषयीचा आहे, आणि उद्याचा पुरावा आज कोणापाशीच नसतो.